मुंबई–दुबई हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

मुंबई आणि दुबई यांच्या मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे अंदाजे १,०४० सागरी मैल आहे. हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. विमाने ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, त्यामुळे प्रत्यक्ष वाट थोडी लांबते. बहुतेक प्रवास अरबी समुद्रावरून होतो.

वेळापत्रकात जाताना साधारण सव्वातीन तास आणि येताना तीन तासांच्या आसपास धरलेले असतात. ही वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणे आणि रांगेत थांबणे त्यातच आले, त्यामुळे उड्डाणाला उशीर होऊनही विमान पुष्कळदा वेळेवर पोहोचते.

जाण्यायेण्यातला फरक वाऱ्यामुळे पडतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर आणि समोरचा वारा ताशी १०० किलोमीटर असेल, तर १,९३० किलोमीटरला सुमारे २ तास ३५ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर २ तास २ मिनिटे पुरतात. चढण्या-उतरण्याचा वेळ वेगळा.

मुंबईत वारा बहुधा समुद्राकडून येतो आणि विमाने वाऱ्याकडे तोंड करून उडतात, उतरतात. दुबईला जाणाऱ्याला हे सोयीचे आहे, कारण मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेला उडाले की लगेच समुद्र लागतो. परतताना मात्र उलटे. पश्चिमेकडून आलेले विमान शहराला वळसा घालून पूर्वेकडे जाते आणि घाटकोपरवरून धावपट्टीवर येते, म्हणून किनारा दिसला की पोहोचलो असे समजू नये. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालत नाही. पावसाळ्यात दृश्यमानता घटली की विमाने आकाशात घिरट्या घालतात, कधी अहमदाबादसारख्या दुसऱ्या विमानतळाकडे वळवली जातात. दुबईत हीच अडचण हिवाळ्यातल्या पहाटेच्या धुक्याने होते.

खरा घोळ घड्याळाचा. दुबई भारतापेक्षा दीड तास मागे आहे, आणि दोन्हीकडे उन्हाळी वेळ पाळत नसल्याने हा फरक वर्षभर तोच राहतो. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. मुंबईहून सकाळी १० ला सुटून दुबईत ११.४५ ला पोहोचणारे विमान पावणेदोन तासांचे नसते. वजाबाकीत दीड तास मिळवायचा. परतीला तोच वजा करायचा: दुबईहून रात्री १० ला सुटलेले तीन तासांचे विमान मुंबईत पहाटे २.३० ला उतरते, तेही दुसऱ्या तारखेला. घ्यायला येणाऱ्यांना सुटण्याची तारीख कळवण्याची चूक इथेच होते. उतरण्याची तारीख आणि मुंबईची वेळ, दोन्ही कळवावे.

जमिनीवरचा वेळ उड्डाणाइतकाच भरतो. सहारच्या टर्मिनल २ वर तीन तास आधी पोहोचावे. सामान देण्याचे काउंटर साधारण एक तास आधी बंद होतात. टर्मिनल २ ला भुयारी मेट्रोचे स्टेशन आहे, पण ती रात्रभर चालत नाही आणि दुबईची बरीच विमाने अवेळी सुटतात. दुबईची मेट्रो टर्मिनल १ आणि ३ ला जाते, २ ला नाही. तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक निघण्याआधीच पाहून ठेवावा.