जुने रिव्हॉल्व्हर : झिजलेला पृष्ठभाग, मूल्य आणि निगा

वापरून रंग उडालेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरची अवस्था पारखणे, त्यावरून संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मोल ठरवणे आणि आहे ती अवस्था टिकवणे, एवढे सगळे या विषयात येते. या साऱ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : कारखान्यातला मूळ पृष्ठभाग एकदा गेला की परत आणता येत नाही. म्हणूनच जेमतेम तिसरा हिस्सा मूळ रंग उरलेले शस्त्र हे नव्याने चकाकवलेल्या तशाच शस्त्रापेक्षा बहुधा जास्त किंमत मिळवते.

पोलादाचा निळसर काळा रंग, म्हणजे ब्लूइंग, हा लेप नव्हे. ते पोलादाच्याच पृष्ठभागावर मुद्दाम घडवलेले लोहाचे ऑक्साइड, मॅग्नेटाइट, असते. हा थर फार पातळ असतो. होल्स्टरमध्ये, म्हणजे शस्त्र ठेवायच्या म्यानात, घासून तो नळीच्या टोकाशी आणि सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसांची घरे असलेल्या फिरत्या भागाच्या, कडांवर आधी उडतो, तर घामामुळे मुठीच्या पुढच्या-मागच्या पट्ट्यांवर. अशी जागच्या जागी झालेली झीज हा दोष मानू नये. ती शस्त्राच्या खरेपणाची साक्ष असते. याउलट रंग गडद, पण कडा गोलावलेल्या, कोरीव अक्षरे पुसट आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगट भाग दिसला, तर घासून पुन्हा रंगवल्याचे समजावे. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या बहुतेक जुन्या रिव्हॉल्व्हरांचे घोडा (हॅमर) आणि चाप (ट्रिगर) निळे केलेले नसत, त्यांवर केस-हार्डनिंगच्या, म्हणजे पोलादाचा वरचा थर कठीण करताना उमटणाऱ्या, रंगछटा असत. ते निळे असतील तर संशय घ्यावा. निकेलचा मुलामा झिजण्याऐवजी पापुद्र्यांनी सुटतो आणि गंज खालून पसरतो.

अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या श्रेणी या व्यवहारात सर्रास वापरल्या जातात. प्राचीन शस्त्रांसाठी सर्व भाग मूळ आणि ८० टक्क्यांहून जास्त मूळ पृष्ठभाग असेल तर ‘एक्सलंट’, ३० टक्क्यांहून जास्त असेल तर ‘फाइन’. पण टक्केवारीचे वजन सगळीकडे सारखे नसते. स्मिथ अँड वेसनचे ‘मिलिटरी अँड पोलीस’ हे १८९९ पासूनचे, १९५७ पासून ‘मॉडेल १०’ म्हणून ओळखले जाणारे रिव्हॉल्व्हर लाखोंनी बनले. तिथे रंग गेला की संग्राहक पुढचा नग पाहतो. १८७३ च्या कोल्ट ‘सिंगल ॲक्शन आर्मी’चा आरंभीचा नग मात्र पार करडा पडलेला असला तरी मागणीत असतो. सिलिंडर, नळी आणि फ्रेमवरचे क्रमांक जुळणे, मुठी मूळच्या असणे, कारखान्याच्या नोंदींवरून मिळालेले पत्र सोबत असणे यांनी मोल वाढते. नुसत्या कौटुंबिक आख्यायिकेला किंमत देऊ नये.

यंत्रणेची तपासणी सिलिंडरमधले प्रत्येक घर रिकामे असल्याची स्वतः खात्री करूनच करावी. घोडा सावकाश मागे ओढला, तर तो अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर जागेवर घट्ट बसला पाहिजे. उभारलेला घोडा अंगठ्याने पुढे ढकलल्यास सुटता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असावी. नळीच्या मागच्या तोंडाला तडा असेल, तर ते रिव्हॉल्व्हर झाडण्यायोग्य नाही. एकोणिसाव्या शतकातली कित्येक रिव्हॉल्व्हरे काळ्या दारूसाठी घडवलेली आहेत. त्यांत आजच्या धूररहित दारूची काडतुसे घालणे धोक्याचे.

निगा म्हणजे मुख्यतः हात आवरणे. मुठी काढून पाहाव्यात, कारण घामाचा गंज त्यांच्याखाली लपतो. त्यासाठी खाचेत नेमका बसणारा पेचकस हवा, नाहीतर स्क्रूची खाच बिघडते आणि किंमत तिथेच उतरते. जुनी तपकिरी छटा स्थिर असते, तिला हात लावू नये. बोटाला लागणारा लाल गंज मात्र वाढत जातो. तो भरपूर तेल लावून अगदी बारीक, ०००० क्रमांकाच्या स्टील वुलने हलकेच उतरवावा. सुटे केलेले भाग ऊर्ध्वपातित पाण्यात उकळले तर हाच लाल गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. गंजातून ब्लूइंग करण्याची जुनी पद्धत यावरच आधारलेली आहे, आणि मूळ रंग वाचवण्याचा याहून हळुवार उपाय क्वचितच सापडेल. निकेलवर अमोनियायुक्त द्रावण वापरू नये : मुलाम्याखाली तांब्याचा थर असल्यास ते त्यालाच खाते. बाटलीतल्या ‘कोल्ड ब्लू’ने, म्हणजे न तापवता लावायच्या रंगद्रावणाने, डाग झाकणेही टाळावे, तो रंग मूळ रंगाशी जुळत नाही आणि जाणकाराला लगेच ओळखू येतो.

साफसफाईनंतर तेलाचा पुसट हात किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेण पुरते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र साठवून ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि कमावण्याच्या रसायनांनी धातू खाल्ला जातो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली, सोबत सिलिका जेल, हाताळताना हातमोजे. बाहेर उघडणारा सिलिंडर मनगटाच्या झटक्याने कधीही बंद करू नये. त्याला धरणारा दांडा वाकतो आणि वर सांगितलेली सारी जुळणी बिघडते.

मालकी आणि विक्रीचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्र प्राचीन गणले जाते, त्यामुळे तिथे उत्पादनवर्षाचा पुरावा किमतीवरही परिणाम करतो.