टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून गोळी सोडायची?

"रिपोर्ट नॉर्मल आला की थायरॉईडची गोळी सोडा, नाहीतर सवय लागते" हा मेसेज आमच्या दादरच्या सोसायटी ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, तापाची गोळी आपण तशीच सोडतो ना. पण इथे थायरॉईड ग्रंथी जे हार्मोन कमी बनवते तेच गोळीतून मिळतं, म्हणजे रिपोर्ट बहुतेकदा गोळी चालू आहे म्हणूनच नॉर्मल येतो. सोडल्यावर लगेच जाणवत नाही कारण औषध अंगात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, मग हळूहळू थकवा, बद्धकोष्ठता, स्टेशनचा पूल चढताना पाय जड. बाळंतपणानंतर काहींची गोळी खरंच बंद होते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. खात्री करायचीय तर जुने रिपोर्ट काढा आणि तेव्हा गोळी चालू होती का ते बघा, प्लीज.