मलावीतले रोख पैसे आणि दारूचा गैरसमज

‘गरिबाच्या हातात रोख रक्कम दिली की ती दारूत जाते, पोरं उपाशीच राहतात.’ आफ्रिकेतल्या मदतीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते खरं नाही.

मलावीचंच उदाहरण घ्या. २००६ साली म्चिंजी जिल्ह्यात ‘म्तुकुला पाखोमो’ ही रोख मदतीची सरकारी योजना सुरू झाली. अत्यंत गरीब आणि कमावते हात नसलेली घरं गावातलीच समिती निवडते. यातल्या कितीतरी घरांत एड्समुळे आईबाप गेलेली नातवंडं आजीच सांभाळते. रक्कम घरात किती माणसं आहेत त्यावर ठरते. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी वर थोडी भर मिळते. अशी आजी त्या पैशांची दारू पिईल, हे म्हणवतं तरी कसं?

पैसे गेले कुठे, हे अभ्यासकांनी मोजलं आहे. ते गेले मक्याच्या पिठात, वह्या-कपड्यांत, शेळ्या-कोंबड्यांत. मुलांची शाळेतली हजेरी वाढली. आयत्या पैशाने माणसं आळशी होतात म्हणावं, तर तेही नाही: ‘गान्यू’ म्हणजे दुसऱ्याच्या रानातली रोजंदारी कमी झाली आणि लोक स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले.

जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च रोख मदतीमुळे वाढल्याचं जवळपास कुठेच दिसलं नाही. काही ठिकाणी तर तो घटला होता.

अडचण वेगळीच आहे. रक्कम तुटपुंजी असते, कधी उशिरा पोचते, आणि महागाई तिला कुरतडते.