बोल्टावाचून अडलेलं विमान

८ जुलै २००७. अमेरिकेतल्या एव्हरेटच्या कारखान्यातून बोइंगचं नवंकोरं ७८७ ड्रीमलायनर पाहुण्यांसमोर आलं. अमेरिकी पद्धतीनं तारीख लिहा, ७/८/०७. मुहूर्त असा साधलेला. विमान मात्र आतून पोकळच होतं. वायरिंग आणि बरीचशी यंत्रणा बसवलेली नव्हती, आणि सांगाडा ठिकठिकाणी तात्पुरत्या बोल्टांवर उभा होता. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

भोसरी-चाकणला ज्याला ‘जॉबवर्कला देणं’ म्हणतात, तेच बोइंगनं प्रचंड प्रमाणावर केलं होतं. पंख जपानच्या नागोयाचे, धडाचा काही भाग इटलीचा, नाक अमेरिकेतल्याच विचिटाचं. बोटीनं आणायचं तर महिना जाणार. म्हणून जुनी ७४७ विमानं फुगवून त्यांची ‘ड्रीमलिफ्टर’ केली. त्यांचं शेपूट कपाटाच्या दारासारखं बाजूला उघडतं आणि अख्खा पंख आत सरकवता येतो. माझ्या मते हा त्यातला सोपा भाग.

पुरवठादारानं आपला भाग वायरिंग-नळ्यांसकट पूर्ण करून पाठवायचा आणि एव्हरेटला नुसती जोडणी करायची, असा बेत होता. प्रत्यक्षात काहींनी काम पुढे पोटकंत्राटदारांना दिलं. माल अर्धवट येऊ लागला, आणि नेमकं काय करायचं राहिलंय याचे कागदही धड नसायचे. पहिल्या विमानाचं नाक धडाला लावताना सुमारे पाऊण सेंटिमीटरची फट पडली.

बोल्टांची तऱ्हा वेगळीच. या विमानाचं धड आणि पंख मुख्यतः कार्बन फायबरचे, म्हणजे राळेत बसवलेल्या कार्बनच्या धाग्यांचे. कार्बन फायबरला चिकटून असलेलं अ‍ॅल्युमिनियम लवकर गंजतं, म्हणून इथे टायटॅनियमचे बोल्ट लागतात; ते कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. २००१ नंतर विमानधंदा बसला तेव्हा बोल्टवाल्यांनी माणसं कमी केली होती. मागणी आली तेव्हा बनवायला हात नव्हते.

बोइंगमधल्याच एल. जे. हार्ट-स्मिथ या अभियंत्यानं २००१ मध्ये निबंध लिहून बजावलं होतं: कामाबरोबर नफाही बाहेर जातो, निस्तरण्याचा खर्च मात्र आपल्याच गळ्यात राहतो. २००८ मध्ये द्यायचं पहिलं विमान जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला मिळालं सप्टेंबर २०११ मध्ये. दरम्यान २००९ मध्ये बोइंगनं साउथ कॅरोलायनातल्या एका पुरवठादाराचा कारखानाच विकत घेतला.

पुढे नागपूरच्या मिहानमध्येही टाटांच्या कारखान्यात ७८७ साठी कार्बन फायबरच्या तुळया बनू लागल्या. प्रवाशांच्या पायाखालची जमीन याच तुळयांवर टेकलेली असते. तुळई नागपूरची, आणि तिची दोन टोकं ज्या धडात बसायची ते घडलेलं सातासमुद्रापार.