कांदा, नोटा आणि सरकारचा हात

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जातात. प्रेस सरकारची, म्हणून पैसे कमी पडले की सरकार नोटा छापतं, असा समज सहज होतो. पण प्रेसमधून निघालेली नोट हा नुसता छापील कागद असतो. रिझर्व्ह बँकेने ती चलनात आणली की तिचा पैसा होतो. महागाईसाठी खरा प्रश्न वेगळाच आहे: सरकार खर्चाला पैसे आणतं कुठून?

१९९७पर्यंत केंद्राच्या खात्यातली शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप सरकारच्या तदर्थ हुंड्या, म्हणजे अल्पमुदतीचे कर्जरोखे, घ्यायची आणि नवा पैसा तयार व्हायचा. कर वाढवायला संसदेपुढे जावं लागतं, इथे कुणाला विचारावंच लागत नसे. वस्तू तेवढ्याच आणि पैसा जास्त झाला की भाव चढतात, पोस्टातल्या बचतीचं मोल घटतं. न सांगता वसूल केलेला करच हा.

ती वाट बंद झाली. २०१६पासून महागाई ४ टक्क्यांवर, फार तर २ टक्के खाली-वर, ठेवण्याची जबाबदारी कायद्याने रिझर्व्ह बँकेवर आहे. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो रेपो दर सहा सदस्यांची समिती ठरवते. तिघे बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले. बैठकीच्या तारखा आधी कळतात, कुणी कसं मत दिलं तेही चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होतं. २०२२मध्ये सलग तीन तिमाह्या उद्दिष्ट हुकलं, तेव्हा बँकेने सरकारला कारणं लिहून कळवली. ते पत्र मात्र लोकांपुढे आलं नाही, आणि ते यायला हवं होतं.

रेपो दर वाढला की कर्ज महागतं, मागणी ओसरते. पण अवकाळीने सडलेला कांदा व्याजदराने परत येत नाही. मग सरकार दुसरा हात वापरतं. ७ डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. लासलगावात तेव्हा लाल कांद्याची आवक सुरू असते. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकतो, लाल टिकत नाही. भाव पडला तरी शेतकऱ्याला तो विकावाच लागतो. बंदी उठली मे २०२४मध्ये, तीही ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून.

शहरातल्या गरीब घराला स्वस्त कांदा मिळायलाच हवा. पण त्याचा खर्च अर्थसंकल्पात दिसला पाहिजे, तो एकट्या शेतकऱ्याच्या विकण्याच्या हक्कातून वसूल होता कामा नये. पाव टक्का रेपो बदलायला मतदान होतं, कारणं छापली जातात. निर्यातबंदीलाही तेवढी पूर्वसूचना आणि लेखी कारणं सक्तीची करावीत.