ईस्टरची पौर्णिमा आकाशातली नव्हे, कोष्टकातली

२०२५ साली कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स अशा सगळ्यांचा ईस्टर एकाच दिवशी आला, २० एप्रिलला. आदल्या वर्षी मात्र पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर ३१ मार्चला होऊन गेला होता आणि ऑर्थोडॉक्स चर्चला ५ मेपर्यंत थांबावं लागलं. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : ‘त्यांचं कॅलेंडर तेरा दिवस मागे आहे.’ हे उत्तर अर्धवट आहे. ईस्टर रविवारीच येतो, म्हणजे दोन ईस्टरमधलं अंतर पूर्ण आठवड्यांचंच असणार, आणि तेराला सातने भाग जात नाही. सध्या हे अंतर शून्य, एक, चार किंवा पाच आठवडे असतं. दोन किंवा तीन आठवडे कधीच नसतं! या सगळ्या हिशेबातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

नियम दोघांचा एकच. वसंतसंपाताच्या (म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखी होण्याच्या) दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. सर्वांनी तो एकाच दिवशी पाळावा, हे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या नायसियाच्या परिषदेत इ.स. ३२५ मध्येच ठरलं होतं. पण संपात २१ मार्चला धरला जातो आणि पौर्णिमा कोष्टकातून काढली जाते. आकाशाकडे कोणी बघत नाही.

या कोष्टकाचा पाया १९ वर्षांच्या चक्राचा. १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात, म्हणजे बारा महिन्यांची १९ वर्षं आणि वर सात अधिक महिने. ज्युलियन कॅलेंडरची, म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरसाठी अजून वापरतं त्या जुन्या कॅलेंडरची, १९ वर्षं भरतात ६९३९ दिवस १८ तास. २३५ चांद्रमास मात्र ६९३९ दिवस आणि सुमारे साडेसोळा तासांतच संपतात. फरक दीड तासाचा. तीनशे वर्षांत त्याचा एक दिवस होतो, त्यामुळे ऑर्थोडॉक्स कोष्टकातली पौर्णिमा आज खऱ्या पौर्णिमेच्या चार-पाच दिवस मागून येते. शिवाय ज्युलियन वर्ष सौरवर्षापेक्षा ११ मिनिटांनी मोठं, म्हणून त्याचा २१ मार्च आता आपल्या ३ एप्रिलला पडतो. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सूर्य आणि चंद्र दोघांचाही हिशेब दुरुस्त केला. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला.

आता २०२४ बघा. २५ मार्चला, सोमवारी पौर्णिमा झाली. पाश्चात्त्य चर्चने पुढचा रविवार धरला. ज्युलियन हिशेबात तोवर संपातच झाला नव्हता, म्हणून पुढच्या पौर्णिमेची वाट बघायची. ती आकाशात २३-२४ एप्रिलला झाली, कोष्टकात २८ला. २८ला नेमका रविवार, आणि पौर्णिमा रविवारी आली तर त्याच्या पुढचा रविवार घ्यावा लागतो. म्हणून ५ मे. सूर्याच्या चुकीने महिना गेला, चंद्राच्या चुकीने आणखी एक आठवडा. महिना चुकेल किंवा चुकणार नाही, त्यावर एक रविवार चुकेल किंवा चुकणार नाही. दोन-तीन आठवड्यांचं अंतर यातून निघूच शकत नाही. तारखा जुळल्या की त्यात दैवी संकेत शोधणाऱ्यांनी हे कोष्टक एकदा मांडून बघावं. २०२८ मध्ये १६ एप्रिलला त्या पुन्हा जुळणार आहेत, हे आजच काढता येतं.

पाश्चात्त्य कोष्टकही निर्दोष नाही. २०१९ मध्ये संपात २० मार्चला आणि पौर्णिमा लगेच २१ला झाली. नियमाने ईस्टर २४ मार्चला हवा होता. साजरा झाला २१ एप्रिलला. ऑर्थोडॉक्स चर्चचा तर २८ एप्रिलला.

सीरियातल्या अलेप्पो शहरात १९९७ मध्ये झालेल्या चर्चच्या बैठकीचा प्रस्ताव म्हणूनच मला न्याय्य वाटतो. नायसियाचा नियम तसाच ठेवायचा, फक्त संपात आणि पौर्णिमा जेरुसलेमच्या रेखांशावर आधुनिक खगोलशास्त्राने काढायची. जानेवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही सांगितलं, की सर्वांना मान्य होईल ती तारीख स्वीकारायला कॅथलिक चर्च तयार आहे. अडचण गणिताची नाही. १९२०च्या दशकात ग्रीक चर्चने नाताळ वगैरे ठरलेल्या तारखांचे सण नव्या कॅलेंडरवर नेले, ईस्टरला हात लावला नाही, तरीही त्यात फूट पडली. अशा फुटीची भीती खरी आहे. पण अलेप्पोच्या पद्धतीत कोणालाच दुसऱ्याची तारीख मान्य करावी लागत नाही. ती लागू असती तर २०१९चा ईस्टर दोघांनीही २४ मार्चला साजरा केला असता, आणि त्यासाठी दोघांनाही आपलं कोष्टक बाजूला ठेवावं लागलं असतं.