बनवाबनवीची कॉमेडी खरंतर तमाशातून आलीय

१९८८ चा पिक्चर, आणि आजही कुठल्याही मराठी ग्रुपवर कोणी 'धनंजय माने इथेच राहतात का' टाकलं की खाली रिप्लायची रांग लागते, त्यातले अर्धे लोक पिक्चर आला तेव्हा जन्मलेलेही नव्हते. 'अशी ही बनवाबनवी' एवढी का टिकली यावर सगळे अशोक सराफ-लक्ष्याच्या टायमिंगवर येऊन थांबतात. टायमिंग आहेच, नाही कोण म्हणतंय, पण माझं मत विचाराल तर अर्धं क्रेडिट पिक्चर लिहिणाऱ्या वसंत सबनीसांना जातं आणि त्यांचं नाव मीम शेअर करणाऱ्यांपैकी फार कमी लोकांना माहितीये.

आता स्टोरी तर आपली नाहीच. भाड्याने खोली हवी, मालक फक्त लग्न झालेल्यांनाच देणार, मग दोघांनी साड्या नेसायच्या, हे सगळं हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मध्ये होतं आणि त्याच्याही आधी बंगालीत 'जय माँ काली बोर्डिंग' (१९५५) मध्ये. म्हणजे कल्पना दोन भाषा फिरून पुण्यात लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात आली. हिंदीवालाही बरा आहे, पण त्याचे डायलॉग कोणाला पाठ आहेत का? नाही ना. म्हणजे फरक लिहिण्यातच पडला.

तर सबनीस. साठच्या दशकात त्यांनी 'छपरी पलंगाचा वग' लिहिला, तोच पुढे 'विच्छा माझी पुरी करा' म्हणून स्टेजवर आला आणि दादा कोंडके स्टार झाले. लोकनाट्याचा, म्हणजे तमाशाचाच, साचा ठरलेला असतो, गण, गौळण, बतावणी, मग वग म्हणजे मुख्य गोष्ट. यातली बतावणी म्हणजे दोघं-तिघं नुसते बोलत उभे, एक शहाणा एक येडा, एकाने सरळ प्रश्न विचारायचा दुसऱ्याने त्याची वाट लावायची, आणि मधे चालू राजकारणावर टोमणे. दादा तर त्यात रोज नवीन भर घालायचे, कालचा प्रयोग बघितलेला माणूस आजही हसायचा. मग १९७१ ला 'सोंगाड्या' आला, तोही सबनीसांनीच लिहिलेला, आणि त्यानंतर दादांच्या सिल्व्हर ज्युबिल्यांची लाईनच लागली, थेट गिनीज बुकापर्यंत.

आता बनवाबनवीतला सुधीर जोशींचा, लीलाबाईंच्या आधीचा घरमालक आणि ते सत्तर रुपये वारले प्रकरण परत बघा. मालक सरळ विचारतोय, धनंजय चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता वाकडं उत्तर देतोय. ही बतावणीच आहे की हो, फक्त फेटा काढून शर्ट-पँट घातलीय. आणि पुरुषाने बाई होणं, ते तर तमाशात नाच्याने आणि संगीत नाटकात बालगंधर्वांनी आपल्याला कधीच सवयीचं करून ठेवलेलं, त्यामुळे लक्ष्याची पार्वती बघताना कोणाला काही वेगळं वाटलंच नाही. उलट माझ्या मते सचिनची सुधा दिसायला जास्त गोड आहे पण हशा पार्वतीच घेऊन जाते, भांडू नका, मत आहे माझं.

बरं, लिहिलेलं पेलायला नटही लागतात. ते नाटकातूनच आले. लक्ष्या 'टुरटुर' या पुरुषोत्तम बेर्डेंच्या नाटकातून पुढे आला, अशोक सराफ स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून स्टेजवर उभे राहायचे आणि 'पांडू हवालदार' (१९७५) मध्ये दादांसमोरच काम करून बसलेले, म्हणजे हा धागाही तिकडेच जातो. त्यात सरकारने सत्तरच्या दशकात करपरतावा सुरू केलेला, पुढचा पिक्चर काढला की आधीच्याचा करमणूक कर परत, मग निर्माते थांबतायत कशाला. महेश कोठारेंचा 'धुमधडाका' (१९८५), तोही मूळ तमिळवरून बरं का, सचिनचा 'गंमत जंमत' (१९८७), आणि मग बनवाबनवी. कोठारेंची कॉमेडी मला पळापळीची, व्हिलनची वाटते, 'झपाटलेला' (१९९३) तर रामदास पाध्येंच्या बाहुल्याशिवाय झालाच नसता. मजा येते, शंभरदा बघितलेत, पण तात्या विंचूचा आवाज लक्षात राहतो तसं अख्खं संभाषण राहत नाही.

नव्वदीत मात्र चक्र उलटं फिरलं. १९९१ ला 'माहेरची साडी'ने रडवून रडवून थिएटरं भरली, तीही विजय कोंडकेंची, दादांच्या पुतण्याची, आणि मग सगळ्यांना तेच काढायचं होतं. कॉमेडी पिक्चर येत राहिले पण बरेचसे नुसते आरडाओरडीवर चालणारे, लिहिणाऱ्यावर कोणी पैसे घालवेना. लक्ष्या २००४ मध्ये गेला.

बतावणी मग टीव्हीवर शिरली. 'चला हवा येऊ द्या' (२०१४) मध्ये स्किट जास्त पात्रांच्या वेषावर चालायचं, मला ते काही वर्षांनी तेच तेच वाटायला लागलं. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त मात्र समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार नुसते समोरासमोर उभे राहून बोलायला लागले की सबनीसांची आठवण यायची, सेट काय तर एक सोफा आणि एक दार, बाकी सगळं बोलण्यात. विशाखाने शो सोडला तेव्हा माझा मूड आठवडाभर गेलेला.